झाडाखालचं नाव

आंबेपाडा, पडघा
रविवार, १२ जानेवारी २०२५

दिनेश,

फोनचा नंबर बदललास, पण तुझ्याच कामावरच्या बाबूला गप्प बसवणं काही जमलं नाही. तो परवा कच्छहून सुट्टीवर आला. तुमच्या मिठाच्या कारखान्याचा पत्ता आधी देईना. "त्यानं सांगितलाय, घरी कोनाला देऊ नको," म्हणाला. मग मी दोन भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली, तसा पाघळला. त्याच्यावर रागावू नकोस, दोष बोंबलाचा आहे.

पोस्टातला माणूस पाकीट बघून हसला. कुणाला पत्र लिहिता, म्हणाला. म्हटलं, भाऊ रुसलाय.

बा बरा आहे. तुझे पळायचे बूट त्याने धुऊन पत्र्यावर वाळत टाकलेत, महिना झाला. मी खाली काढून ठेवते, तो परत वर टाकतो. आम्ही यावर बोलत नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा माझ्या बाजूने ऐक. तू गेलास तेव्हा माझं ऐकायच्या अवस्थेत नव्हतास आणि खरं सांगायचं तर मीही बोलायच्या अवस्थेत नव्हते.

तीन वर्षांपूर्वी जत्रेत मशीनवाल्याकडून उजव्या हातावर चार बोटं लांब 'दिपिका' काढून आलास. दिपिकाच तुला ओरडली होती, "येडा हायस का, माज्या बापानं बगितला तं?" तू दात काढत होतास. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की उजवा हात सलामीचा असतो आणि सुरक्षा दलाच्या भरतीत सलामीच्या हातावर काही चालत नाही. ते मी ऑक्टोबरात जाहिरातीत वाचलं, जेवणाच्या सुट्टीत, गोडाऊनच्या पायरीवर बसून. वयाने तुझी ती शेवटची भरती होती. मग खाली आणखी एक ओळ दिसली, की आदिवासी उमेदवाराचं रिवाजाप्रमाणे काढलेलं गोंदण चालेल.

वाचलं मी आणि अक्कल चालवली तीही मीच. नावावर आपलं गोंदण काढायचं, नाव दिसेनासं होईल, वर दाखवायला रिवाज. बुधीआत्या नको म्हणत होती. "झाड बायांचा हाय. बाप्याच्या हातावं मी कदी काढला न्हाय," म्हणाली. विंचू काढते म्हणाली. पण विंचवाखाली नाव झाकलं जाईना, अक्षरं नांगीच्या बाहेर यायची. शेवटी झाडच काढलं, फांद्याफांद्यांचं, ठिपक्याला ठिपका लावून. तू हूं की चूं केलं नाहीस.

दिपिका दारात उभी होती. तिचं तोंड मला अजून दिसतं. "माजा नाव बुजवतंस व्हय? मंग मीच तिकडं जाऊन सांगतंय, हितं काय व्हता तं." रागात माणूस काय वाटेल ते बोलतं. पण ते पाड्यातल्या दहा जणांनी ऐकलं.

आणि मेडिकलला डॉक्टरने तुझा हात धरून सांगितलं, "इसके नीचे नाम है. दिपिका." लपवलं म्हणून बाद. नाव उघडं असतं तर काढून यायला वेळ मिळाला असता, पुन्हा तपासणी झाली असती, हेही वर ऐकवलं.

त्यांना कुणी सांगितलं, ते मला माहीत नाही. एवढंच लिहायचं होतं. दोन ओळी पाठव. शिव्या घातल्यास तरी चालतील.

तुझी ताई,
भाग्यश्री


रविवार, २ फेब्रुवारी

दिनेश,

शिव्याही आल्या नाहीत. म्हणजे अजून रागात आहेस किंवा पत्र मिळालं नाही. बाबू म्हणत होता, टपाल फाट्यावरच्या दुकानात पडून असतं आणि मंगळवारी पाण्याचा टँकर येतो तेव्हा त्याच्याबरोबर आत येतं. आमच्यापेक्षा बरं आहे. आमच्या पाड्यात टँकरही येत नाही.

तू जाताना म्हणालास, "ताई, तुला काय कल्लाय, नोकरी कशाला म्हनतान तं." ते मला फार लागलं. म्हणून आज माझं सांगते. घरी कधी सांगितलं नाही.

दापोड्याच्या गोडाऊनला मी सहा वर्षं आहे. पॅकिंगवरून स्कॅनिंगला आले, आता नव्या पोरींना मीच शिकवते. पण क्लायंट बघायला येणार असले की कुमार सर माझ्या टेबलाशी येतात आणि हळूच म्हणतात, "भाग्यश्री, मास्क लाव ना जरा." माणूस वाईट नाही. बोलताना माझ्याकडे बघतही नाही बिचारा. सगळ्यांचा करोना गेला, माझ्या हनुवटीचा राहिला.

आणि आमचे प्रितेश सर. कोपरापर्यंत सिंह, सिंहाच्या पोटाखाली इंग्रजीत काहीतरी. क्लायंट त्यांचा हात हातात घेऊन विचारतात, कुठून काढलात, किती वेळ बसलात. ते बाही आणखी वर सरकवतात. त्यांचा टॅटू आणि माझं गोंदण. त्यांनी हौसेने काढून घेतला. मला सहा वर्षांची असताना चौघींनी धरलं होतं आणि आई तोंडात गूळ घालत होती.

मागल्या वर्षी ठाण्याला मुलाखतीला गेले होते, तुम्हाला सांगितलं होतं की मैत्रिणीचं लग्न आहे. ऑफिसात समोर बसायचं काम होतं. बारावीचे मार्क बघितले, बोलणं बघितलं, सगळं आवडलं. शेवटी मॅडमने स्वतःच्या हनुवटीला बोट लावून विचारलं, "ये निकलता नहीं क्या?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, कळवतो. अजून कळवतायत. येताना मी कशेळीच्या पुलाशी उतरले, मेडिकलमधून चेहऱ्याला लावायची एक ट्यूब घेतली. दोन दिवस लावली. तिसऱ्या दिवशी बुधीआत्याने बघितलं आणि पदराने माझी हनुवटी पुसली. मला इतकी लाज वाटली की ट्यूब चुलीत टाकली.

म्हणून त्या जाहिरातीची ती ओळ वाचली तेव्हा माझं काय झालं ते तुला कळायचं नाही. आपलं गोंदण चालेल असं मी जन्मात पहिल्यांदा कुठे छापलेलं बघितलं. मी ती ओळ चार वेळा वाचली. मला वाटलं, माझ्या हनुवटीने नाही तर नाही, तुझ्या हाताने तरी ते एकदा आपल्या कामी येईल. हा माझा शहाणपणा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना.

दिपिका काल पडघ्याच्या बाजारात दिसली. माझ्याशी बोलायला आली होती, मी भाजीवाल्याकडे वळले. तिनेच सांगितलं असं तू म्हणतोस, ते असेलही खरं.

ताई


रविवार, ९ मार्च

दिनेश,

काल बाबूचा तिकडून फोन आला होता. तो जे बोलला ते ऐकून मी चूल तशीच सोडून बाहेर येऊन बसले.

तू हात मिठाने घासतोस म्हणे. रोज. पाळी संपली की आगराच्या कडेला बसतोस, ओलं खडं मीठ घेतोस आणि रक्त येईपर्यंत चोळतोस. वर कापड बांधतोस आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण बाहीचा गार्डचा शर्ट चढवून गेटवर उभा राहतोस. बाबू म्हणाला, "त्याला कुनीतरी सांगितलाय, मिठानं निगतं. हात बगवत न्हाय, ताई."

बंद कर ते. ऐक माझं. ते असं निघत नाही. वरची कातडी जाते, खालची शाई तशीच राहते. तुझ्या हातावर आधी झाड जाईल, कारण ते नवं आहे आणि बुधीआत्याची सुई हलकी आहे. मशीनचं नाव खोल आहे. घासून घासून तू ज्या नावाचा एवढा राग करतोस, तेच वर काढशील.

आणि मिठाच्या पाण्यात जखम घेऊन राहणाऱ्या माणसाचे हात काय होतात ते तू माझ्यापेक्षा जास्त बघत असशील.

बाला मी काही सांगितलेलं नाही. तो काल विचारत होता, पुढल्या भरतीला पोरगा येईल ना. म्हटलं, वय बसत नाही. तर म्हणतो, "एकांद्या वर्सानं काय व्हतंय." मी त्याला कसं समजावू सांग.

दिनेश, मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती दिपिकाबद्दल आहे. म्हणजे दिपिकाबद्दल नाही, पण तिच्याबद्दल तुझं जे मत झालंय त्याबद्दल आहे. पत्रात लिहिणं बरोबर नाही. तू फोन कर. बाबूच्या फोनवरून कर, मी रविवारी दिवसभर घरी असते. आवाज ऐकला की बोलेन.

तिचं शहापूरकडच्या एका मुलाशी ठरलंय. चांगला आहे म्हणतात.

हात घासू नकोस. खोबरेल लाव.

ताई


रविवार, ६ एप्रिल

दिनेश,

चार रविवार फोनजवळ बसले. बा म्हणाला, फोनला पिल्लं व्हनार हायत का.

दिपिकाच्या लग्नाची तारीख धरली, गुरुवार, २४ एप्रिल. आपल्यालाही सांगायला आले होते, तिचा बाप स्वतः आला. तू त्याच्या अंगणात एवढा तमाशा करून गेलास तरी आला. बाच्या शेजारी बसून चहा प्याला. जाताना मला म्हणाला, "पोरीच्या गोंदनाला तू ये. बुधीला डोळ्यांनी दिसत न्हाय नीट, तू हात धरायला हो." मी मान हलवली.

आज आणखी काही लिहवत नाही.

ताई


रविवार, २० एप्रिल

दिनेश,

आता सरळ लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

दिपिकाने कुणाला काही सांगितलं नाही. मी सांगितलं.

ऑगस्टात भरतीचा फॉर्म भरला तो आठव. पडघ्याच्या सायबर दुकानात मी भरत होते आणि तू बाहेर सर्व्हिस रोडवर पळायचा सराव करत होतास. त्यात एक रकाना होता, ओळखखूण. बाकीचे तीळ लिहितात, पोळल्याचा डाग लिहितात. मी तुझा तीळ आठवत बसले, आठवेना. मग लिहिलं, 'उजव्या हातावर दिपिका असे गोंदलेले.' मला त्यात गंमतही वाटली, आता सरकारलाही कळलं म्हणून. तू घामाघूम होऊन आत आलास आणि नेहमीसारखी न वाचता सही ठोकलीस. जाहिरात नीट मी दोन महिन्यांनी वाचली. आणि वाचली तेव्हा मला तो रकाना आठवला नाही. शप्पथ सांगते, आठवला नाही. नावावर झाड काढायची युक्ती मीच काढली आणि झाडाखाली काय आहे ते माझ्याच हाताने आधी कळवून ठेवलं होतं. डॉक्टरसमोर तोच कागद होता.

तू मेडिकलहून आलास तेव्हा मी भाकरी थापत होते. दारातच म्हणालास, "नाव कुटून कल्ला त्यांना?" आणि त्याच क्षणी तो रकाना माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला, जसाच्या तसा. हातातली भाकरी परातीतच राहिली. तू म्हणालास, "दिपिका. तिनंच. बोलली व्हती ती." आणि निघालास. आपल्या घरापासून तिचं घर पाचवं. पाच घरं, दिनेश. मी हाक मारली असती तर तू वळला असतास. मी हाक मारली नाही. तू तिच्या अंगणात काय काय बोललास ते मला इथे चुलीपाशी ऐकू येत होतं, आणि मी भाकरी तव्यावर टाकली.

मला वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी तू पिशवी भरत होतास. मग वाटलं, पत्रातून सांगू. पहिल्या पत्रात 'मला माहीत नाही' असं लिहिलं. ते खोटं होतं. दुसऱ्या पत्रात 'असेलही खरं' लिहिलं, ते त्याहून वाईट. तिच्यावरचा राग तुला जगवतोय असं मी स्वतःला सांगत होते. खरं एवढंच की तिला तू सोडलंस तरी मला सोडू नयेस, असं मला वाटलं. आई गेल्यावर तुला मी वाढवलं. तू माझ्याकडे तसं बघावंस, जसं तिच्याकडे बघितलंस, ते मला सोसलं नसतं.

काल तिचं गोंदण झालं.

लग्नाआधी हातावर काढायची आपली रीत आहे, तिने ते इतकी वर्षं टाळलं होतं. तिला दवाखान्यात कामाला लागायचं होतं ना, हात कोरे ठेवले होते. काल स्वतःहून बसली. बुधीआत्याने काजळी कालवली, सुया बांधल्या, मला म्हणाली, "घट धर. हालली तं ठिपका पसरतंय." मी दिपिकाचा उजवा हात मांडीवर घेतला. आत्याने विचारलं, काय काढू. तिने सांगितलं, "दिनेशच्या हातावं काढलास ताच झाड काढ. तसाच. तेवडाच."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

फांद्या निम्म्या झाल्या तेव्हा दिपिकाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुईने येतं, सगळ्यांनाच येतं. मी पुसलं. तर ती हळू आवाजात, आत्यालाही ऐकू जाणार नाही अशी, म्हणाली, "ताई, मी न्हाय सांगितला. तुला तरी पटतंय ना?"

मी म्हटलं, "पटतंय."

एवढंच म्हटलं. 'मला माहीत आहे' असं म्हणायला हवं होतं. तिचा हात माझ्या हातात होता, मी तो घट्ट धरला होता आणि तिला वाटलं मी धीर देतेय. एवढ्यावरच ती हसली. म्हणाली, "मंग झाला. एका मानसाला तरी पटला."

आत्या नेहमीचं बोलत होती, सोनं-नाणं सगळं इथंच राहतं, गोंदलेलं तेवढं संगं येतं. मी ऐकत होते.

तुला आधी कळलं असतं तर तू आला असतास की नाही, ती थांबली असती की नाही, मला माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. पण ते तुम्ही दोघांनी ठरवायचं होतं. मी ते ठरवून टाकलं, तुझा फॉर्म भरला तसं.

आता हे पत्र उद्या टाकलं तरी फाट्यावरच्या दुकानात पोचेल शुक्रवारी-शनिवारी. तिथून टँकर त्यापुढच्या मंगळवारी, २९ तारखेला. लग्न गुरुवारी आहे. ही तारीख मला दोन आठवड्यांपासून माहीत होती, दिनेश, आणि तुझ्या टँकरचा वारही माहीत होता. मी आज लिहायला बसले. यावर काय म्हणायचं ते तूच म्हण.

बाबूच्या फोनवर तू येत नाहीस, म्हणून शेवटी आज दुपारी त्याच्याकडून मुकादमाचा नंबर घेतला आणि फोन लावला. कुणीतरी उचलला, मागे पंपाचा आवाज. मी तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, "वो अभी गेट पे है, शाम तक उधर ही रहेगा. फोन छोड़ता नहीं मैं किसी के पास. क्या बोलना है, बोलो, मैं बोल देता हूँ."

अनोळखी माणसाच्या तोंडून हे कसं पाठवू? कुठून सुरू करू? रकान्यापासून, की पाच घरांपासून?

"हॅलो," तो म्हणाला. "बोलो जल्दी. क्या बोलूँ उसको?"

मी म्हटलं, "बोलो, ताई का फोन आया था. घर पे सब ठीक है."

भाग्यश्री